बंद जिनातली दुपारची घंटा

प्रकरणं पुष्कळ पाहिली, पण भर दुपारी कुठे घंटा वाजली की मला अजून एकच आठवतं. मी फौजदार नव्हते. तेव्हा आमच्याकडे खात्यात बायका नव्हत्याच. यजमान हवालदार होते. ते वारल्यावर बायकांची झडती घ्यायला आणि त्यांच्या जबाबाच्या वेळी हजर राहायला ठाण्याने मला ठेवलं. ते काम मी अठरा वर्षं केलं.

किन्हीराजा गावाच्या वाटेवर तळ्याकाठी कापसातली सरकी काढायचं एक जीन होतं. त्याचं वाफेचं इंजिन अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात बनलेलं. जऊळक्याच्या स्टेशनवर उतरवून ते बैलजोड्यांनी ओढत आणलं होतं. सोबत तिथेच ओतलेली एक घंटा आली. जिनाचा मिस्त्री मजुरांना त्या शहराची चित्रं दाखवी. तेही तळ्याकाठचंच गाव, पण तळ्याचा पलीकडचा काठ दिसत नाही. आधी तिथून जहाजांनी गहू जाई. मग जर्मन मुलखातले कारागीर आले, कातड्याचे कारखाने निघाले, भट्ट्या पेटल्या, आणि आता ते गाव दुनियेला यंत्रं पुरवतं. थंडीत तळ्याचं पाणी काठाशी दगड होतं, असंही तो सांगे. मजुरांच्या लक्षात तेवढंच राही. घंटेचा आवाज देवळातल्या घंटेसारखा घुमत नसे, कोरडा आणि गार होता. बाया म्हणत, तिच्यात तिकडचं हिव आहे.

जिनाच्या फरशीखाली लांब भुयार होतं. यंत्रांना फिरवणारा लोखंडी दांडा, शाफ्ट, त्यातून जाई. दुपारच्या सुट्टीत इंजिन थांबलं की तेलवाला आत उतरून शाफ्टला तेल देई. पुन्हा सुरू करण्याआधी इंजिन ड्रायव्हरने घंटा वाजवायची, तेलवाल्याने वर यायचं, असा नियम. हंगामाच्या शेवटच्या आठवड्यात इंजिन सुरू झालं तेव्हा तेलवाला आतच होता. शाफ्टने त्याला ओढून घेतलं.

आदल्या दिवशी दोघांचं भांडण झालेलं, साऱ्यांनी पाहिलेलं. ड्रायव्हर म्हणे, मी घंटा वाजवली. मजुरांना विचारलं, तर एकही शपथेवर सांगेना. रोज वाजणारा आवाज माणूस ऐकत नाही, हे मी तेव्हा शिकले. फौजदारांचा हिशेब सरळ होता: वाजली असती तर तो वर आला असता. ड्रायव्हर खुनाच्या आरोपाखाली लॉकअपमध्ये गेला. फाशी नाही तर जन्मठेप, एवढंच ठरायचं राहिलं होतं. जिनाला सील लागलं.

पंधरा दिवसांनी एक माळी ठाण्यात आला. त्याची वांग्याची वाडी जिनाला लागून होती. म्हणाला, “फौजदारसाहेब, बंद जिनात मेलेला मानूस घंटी वाजवून राह्यला. रोज भर दुपारी. माह्या बाया तोडणीले येत नाईत.”

“मग त्याचा जबाब घ्यायला तूच चल,” फौजदार म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो.

ऊन असं, की तळ्यावर एक पाखरू नव्हतं. दाराचं सील शाबूत. आणि बरोबर त्या वेळेला घंटा वाजली. आमचा एक शिपाई, अंगाने पैलवान, माझ्या मागे येऊन उभा राहिला. मी वळसा घालून गेले. घंटा इंजिनघराच्या बाहेर टांगलेली होती, आणि तिची दोरी ओढत होती ड्रायव्हरची बायको. मला पाहून ती पळाली नाही. भुयाराकडे बोट दाखवून खाली बसली. सील पुढच्या दाराला होतं, भुयाराच्या मागच्या तोंडाला नव्हतं. ती चूक आमची.

आत अंधारात शाफ्टजवळ तेलवाल्याची विधवा बसली होती. नवरा जिथे गेला, नेमकी तिथे.

ठाण्यात दोघींना मी वेगवेगळं विचारलं. उत्तर एकच. घंटा त्या जागेवर ऐकू येते की नाही, हे त्यांना पाहायचं होतं. ड्रायव्हरची बायको पदर पसरून विधवेकडे गेली होती, आणि विधवा तयार झाली, कारण तिलाही खरं हवं होतं.

“मंग? येते का आयकू?” मी विचारलं.

“साफ येते, बाई,” विधवा म्हणाली. “तिले पटत नाई, म्हनून रोज येऊन पाहतो. त्यानं वाजवलीच नसंल.”

पलीकडच्या खोलीत ड्रायव्हरची बायको रडत होती. मी पंचनामा पुन्हा काढला. प्रेताच्या वर्णनात एक ओळ होती: दोन्ही कानांत कापूस. मेलेल्याच्या कानानाकात कापूस घालतातच, म्हणून ती ओळ कोणाला अडली नव्हती. पण हा पंचनामा प्रेत हलवण्याआधीचा. एका पंचाला बोलावून विचारलं, तर तो म्हणाला, आम्हाला वाटलं घातला असंल कोणी. नाकात होता का? नव्हता. आणि कानातला? तेलानं काळा पडलेला.

दुसऱ्या दिवशी फौजदारांना घेऊन मी त्या भुयारात उतरले. तेलात भिजवलेला कापूस कानांत दाबून बसवला आणि शिपायाला वर घंटेपाशी उभं केलं. अंधारात शाफ्ट तेवढा अंधूक दिसत होता. मी वाट पाहत बसले. बराच वेळ गेला. एकदम खांद्यावर हात पडला. शिपाई होता. त्याने दोनदा घंटा वाजवली होती, वरून हाकाही मारल्या होत्या. मला कशाचाच पत्ता नव्हता.

विधवेला मी विचारलं, कानात कापूस तो कधी घालायचा? रोज, ती म्हणाली. जिनाच्या आवाजाने त्याचं डोकं घणघणायचं, झोप येत नसे. म्हणून रोज सकाळी हीच कापसाचे बोळे वळून तेलात भिजवून त्याच्या हातावर ठेवायची.

पोलिसाला नवी गोष्ट लगेच दिसते. रोजची दिसत नाही, आणि माणूस बहुधा तिथेच अडकतो. मी एवढंच शिकले. बाकीचं त्या बाईकडून.

दिराने तिला बजावलं होतं, तोंड उघडलंस तर घरात पाय ठेवू नकोस. तरी ती कोर्टात उभी राहिली. बोळ्यांचं सांगितलं तेव्हा मॅजिस्ट्रेटने तिला थांबवलं आणि विचारलं, बाई, याने दोष कोणावर येतो, हे तुला कळतं ना?

“कळते, साहेब,” ती म्हणाली. “म्हनून तं दुसऱ्यावर राहू नाई देत.”