गंज, लोखंडाचा वैरी

शुक्रवार, १५ एप्रिल १९६६. ऊन फार. आडाला पाणी खोल गेलं आहे. कोकिळेचा जाहिरातचित्राचा पेपर झाला. सोपा गेला म्हणते. विषय ऐकून मला घाम फुटला. तिला काही बोलले नाही. उद्या मुंबईचे परीक्षक आपल्याकडे जेवायला. जानरावभाऊजीही उद्याच येणार. दूध नासलं. लोखंडी कढई घासायची या आठवड्यातही राहिली.

सत्यभामाबाईंची रोजनिशी अशीच असे. आधी हवामान, मग घरातली माणसं, शेवटी राहिलेलं काम. पुण्याकडच्या कॉन्व्हेंटात त्या शिकल्या, तिथल्या सिस्टरांनी लावलेली ही शिस्त. मनातलं असेल ते देवाला सांगा, वहीत घडलेलं लिहा, असं त्या सांगत. म्हणून ‘घाम फुटला’ हे वाक्य बाईंनी पुन्हा एकदा वाचलं. घाम खरोखरच फुटला होता, तेव्हा ते तसंच राहू दिलं.

कोकिळा ही त्यांच्या धाकट्या दिराची, जानरावांची मुलगी. वरवट बकालला जानरावांचा भाजीचा मळा होता. कोकिळा लहान असताना कोवळ्या कोहळ्यांवर बाभळीच्या काट्यानं चित्रं ओरखडायची. कोहळा वाढला की चित्रही वाढायचं. काट्यानं काढलेलं बोटभर कोंबडं बाजाराच्या दिवसापर्यंत खऱ्या कोंबड्याएवढं व्हायचं. जानरावांनी तिला त्यापायी दोनदा मारलं. मग नांदुऱ्याच्या बाजारात कोंबड्याचे कोहळे बिनचित्राच्या कोहळ्यांआधी खपले, तेव्हा मारणं थांबलं. कला म्हणजे काय, हे जानरावांना तेवढं कळलं होतं आणि त्यांच्या मते ते पुरेसं होतं.

नांदुऱ्याला सरकीच्या गोदामावरच्या दोन खोल्यांत ‘शारदा कला विद्यापीठ’ होतं. निवृत्त ड्रॉइंगमास्तर हिंमतराव ते चालवत. सरकारनं त्यांच्या वर्गाला परवानगी दिली होती, विद्यापीठ या शब्दाला दिली नव्हती. तशी नोटीस आल्यावर हिंमतरावांनी पाटीवरच्या त्या शब्दाभोवती इतकी दाट वेलबुट्टी काढली, की तो वाचता येईना. पण तोवर तो गावाच्या तोंडी बसला होता. विद्यापीठात अकरा विद्यार्थी होते आणि त्यांत मुलगी एकच, कोकिळा. ती काकूंकडे राहायची. काकूंचे यजमान रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. ते गेल्यापासून घर मोठं झालं होतं.

जानरावांनी मुलीला पाठवताना वहिनींना स्पष्ट सांगितलं होतं. “पहिल्या सालात पास झाली त दुसरं साल शिकू द्या. नाई झाली त मी तिले घेऊन जातो. उंद्रीचं स्थळ हाय, ते लोक थांबून राह्यले.”

म्हणजे सगळं त्या पेपरावर होतं, आणि पेपराचा विषय मुंबईहून आला होता.

“काय होता गं विषय?” शुक्रवारी संध्याकाळी सत्यभामाबाईंनी विचारलं.

कोकिळा ब्रश धूत बसली होती. “एका रंग-कंपनीची जाहिरात काढा, असा होता. वर लिहाचं, ‘गंज, लोखंडाचा वैरी’. लय सोपा होता, काकू.”

“मग तू काय काढलंस?”

“गंज काढला. आपला जर्मलचा, दुधाचा. चुलीवर चढवला, असा छाती काढून. अन् आपली कढई काढली, खुट्टीले टांगलेली, तोंड पाडून. आता जर्मलचे गंज आले, लोखंडाच्या कढईले कोन पुसते? म्हंजे वैरीच झाला ना तिचा.”

“आणि बाकीच्यांनी?”

“समद्याइनं गंजच काढला. हिंमतराव सर फिरून पाहत होते. म्हणे, गंजावरची चमक चांगली आली बरं तुमची.”

“रंग-कंपनीला गंजाशी काय करायचंय, हे कुणाच्या मनात आलं नाही?”

“आलं ना. पण मुंबईच्या लोकाइले काय, कायबी चालते.”

सत्यभामाबाई उठून आत गेल्या.

त्या लग्न होऊन या घरात आल्या, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सासूबाई चुलीपाशी बसून म्हणाल्या होत्या, “सत्यभामा, गंज आन वं.” नवी नवरी स्वयंपाकघरात उभीच राहिली. त्यांच्या माहेरी गंज म्हणजे लोखंडावर चढणारा तांबूस थर. तो सासूबाईंना कशाला हवा आणि तो आणायचा कसा, हे त्यांना समजेना. शेवटी त्यांनी खिडकीचा गज नखानं खरवडला आणि तळहातावर जे निघालं ते नेऊन दिलं. सासूबाईंनी हाताकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं आणि मुलाला हाक मारून विचारलं, की पोरीच्या डोक्याची नीट चौकशी केली होती ना. वऱ्हाडात गंज म्हणजे पातेलं, आणि लोखंडाला लागतो तो जंग, हे त्या दिवशी सत्यभामाबाईंना जन्माचं कळलं. दोन्ही गंज माहीत असलेलं माणूस नांदुऱ्यात तेव्हा तेवढं एकच असावं. आणि त्या माणसाला शुक्रवारी रात्री झोप लागली नाही.

शनिवारी सकाळी जानराव आले. सोबत दोन कोहळे आणि सुंभाची दोरी होती. कोहळे त्यांनी वहिनींना दिले आणि दोरी घेऊन सरळ कोकिळेच्या ट्रंकेपाशी बसले.

“अजून निकाल लागायचाय, भाऊजी.”

“लागू द्या ना. बांधून ठेवतो. सोडाले काय लागते?”

कोकिळेनं ट्रंकेतून रंगाची पेटी तेवढी काढून घेतली आणि ती कुठे ठेवावी हे न सुचल्यामुळे तांदळाच्या डब्यावर ठेवली.

परीक्षक दुपारी आले. गावात त्यांना मानवेल अशी खाणावळ नव्हती, म्हणून मुंबई-पुण्याचा पाहुणा आला की हिंमतराव त्याला सत्यभामाबाईंकडे पाठवत. तिखट बेतानं घालणारं ते एकच घर. परीक्षक सडपातळ होते आणि कंटाळलेले दिसत होते. पाटावर बसले. शेजारच्या पाटावर जानराव. त्यांनी पाहुण्याला रामराम केला. पाहुण्यानं नमस्कार केला.

“बाई, या गावात भांड्यांचा कारखाना आहे का?” परीक्षकांनी पहिला घास घेण्याआधीच विचारलं.

“नाही. सरकीचे आहेत.”

“मग मला उलगडा होत नाही. सकाळपासून पेपर तपासतोय. अकरा विद्यार्थी, अकरा पातेली. गंज लोखंडाचा नाश करतो, त्यावर उपाय रंग, इतका सरळ विषय. एकानं पातेल्याला मिशा काढल्यात.”

“वैरी हाय ना, साहेब,” जानराव म्हणाले.

परीक्षकांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि भाकरी मोडली. “सगळ्यांना नापास करावं लागणार. मला वाईट वाटतं, पण पातेल्याला गुण कसे द्यायचे?”

कोकिळा दाराआड उभी होती. सत्यभामाबाईंनी आवाज जरा चढवला. “कोकिळा, वरणाचा गंज आण गं.”

परीक्षकांचा हात थांबला.

कोकिळा गंज घेऊन आली. घासून लखलखीत, काठोकाठ वरण. सत्यभामाबाईंनी परीक्षकांना वाढलं, मग जानरावांना.

“काय आण म्हणालात?”

“गंज.”

“हा?”

“हो. हा वरणाचा. दुधाचा याहून थोरला आहे.”

परीक्षकांनी वाकून गंज पाहिला. “आणि लोखंडाला लागतो त्याला काय म्हणता?”

“जंग,” जानराव आणि कोकिळा एकदमच म्हणाले.

“अकराच्या अकरा जण?”

“अकरा काऊन,” जानराव म्हणाले, “समदा जिल्हाच म्हन्ते.”

परीक्षकांनी वरण कालवलं. मग पाणी प्यायला त्यांनी मान वर केली आणि तांब्या हातातच राहिला. समोरच्या भिंतीवर, खुंटीला, लोखंडी कढई टांगलेली होती. महिनेच्या महिने न वापरलेली. कडेला आणि बुडाला तांबूस, जागोजागी पापुद्रे धरलेली.

“ही कढई मी सकाळी पाहिली आहे,” ते म्हणाले. “चार नंबरच्या कागदावर. मुंबईहून आणलेल्या नमुन्यांतसुद्धा गंज इतका बरोबर नव्हता. मधे तपकिरी, कडेला नारिंगी. त्या पातेल्याच्या नादात मी त्याच्याकडे नीट पाहिलंच नाही. चार नंबर कोण?”

कोकिळेच्या हातातला गंज थोडा कलला आणि वरण जानरावांच्या धोतरावर सांडलं.

“मी, सर.”

“गंज फार चांगला दाखवलात.”

आता गप्प राहिली असती तर पास होती. सत्यभामाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. कोकिळा परक्या माणसाशी कितीही पुस्तकी बोलली तरी घाबरली की वऱ्हाडीवर यायची.

“सर, मी गंज हा काढला होता. हा, वरणाचा. थो जंग आपोआपच आला. कढई तशी हाय म्हणून तशी काढली.”

जानरावांनी कपाळावर हात मारून घेतला. “अवं, तुले कोनं पुसलं व्हतं वं!”

परीक्षकांनी तांब्या खाली ठेवला. “चित्र काढणाऱ्याच्या मनात काय होतं, ते मी तपासत नाही. त्याचे गुण नसतात. कागदावर काय आहे, ते तपासतो. कागदावर गंज आहे, लोखंड आहे, आणि त्यांचं पटत नाही हे दिसतंय.” मग म्हणाले, “पातेलं जास्तीचं आहे. त्याचे दोन गुण कापीन.”

“अन् बाकीचे पोट्टे?” जानरावांनी विचारलं.

“त्यांना चार वाजता पुन्हा बसवतो. विषय ‘जंग’ असा लिहून. मिशावाल्यालासुद्धा.”

परीक्षकाला असं करता येतं का, हे कुणी विचारलं नाही. हिंमतरावांना ते नंतर कळलं तेव्हा ते इतकंच म्हणाले, की गंजावरची चमक मात्र खरोखर चांगली आली होती.

“म्हंजे पोरगी पास का नापास, थे सांगा ना,” जानराव म्हणाले. “मले पाच वाजताची एसटी हाय.”

“निकाल मुंबईहून येतो. मला सांगता येत नाही.” परीक्षकांनी कोपऱ्यातल्या दोरीनं बांधलेल्या ट्रंकेकडे पाहिलं. “पण ती ट्रंक आज नेऊ नका. जूनमध्ये परत आणावी लागेल. जड दिसते.”

जानरावांनी आधी भाताची मूद संपवली. हात धुतल्यावर ट्रंकेपाशी बसून दोरी सोडू लागले. गाठ पाण्यानं भिजवून मारलेली होती, सुटेना. शेवटी विळीवर कापली. दोरी वाया गेली, असं ते एसटीपर्यंत तीनदा म्हणाले. उंद्रीच्या लोकांना काय सांगायचं, असं वहिनींनी विचारलं, तेव्हा म्हणाले, “सांगतो, पोरगी जंगात पास झाली. मंग त्याइले काय समजाचं थे समजू द्या.”

तिन्हीसांजेला रुख्मिणी भांडी घासायला आली. धोतरावर वरण सांडल्याची हकिकत तिला वाटेतच कळली होती. तिनं पदर खोचला आणि खुंटीवरची कढई काढायला हात वर केला. “बाई, आज हिले चिंच लावून घासूनच टाकतो. कवाची म्हणून राह्यल्या तुमी.”

“नोको वं,” कोकिळा आतून ओरडली. “हात नोको लावू तिले!”

सत्यभामाबाईंनी कंदील लावला, दौत उघडली आणि लिहिलं: शनिवार, १६ एप्रिल. ऊन कालच्याइतकंच. परीक्षक जेवून गेले. भाऊजी एकटेच परत गेले. दोन कोहळे आले, एकाची भाजी उद्या. कढई खुंटीवरच आहे. रुख्मिणीला घासू नको म्हणून सांगितलं.