बाईसाहेबांच्या चित्रातले हात

मोठ्या माणसांना स्वतःचं चित्र हवं असतं, पण चित्रासाठी बसायला वेळ नसतो. पेंटरकडे ती येत, चेहऱ्यापुरत्या एकदोन बैठका देत, कपडे पाठवून देत आणि मोकळी होत. मग ते कपडे अंगावर चढवून पेंटरची बायको खुर्चीत बसायची. चित्र बाईमाणसाचं असलं की हातही बायकोचेच. ‘चेहरा त्यांचा आणि पाठदुखी माझी,’ असं ती म्हणायची. तो फक्त ‘हलू नकोस’ म्हणायचा. संसारात याहून जास्त काही बोलला असेल, तर ते सांगायला आता ती उरलेली नाही.

माझं कधी काढणार, असं ती अधूनमधून विचारायची. हातातलं काम संपलं की, हे त्याचं ठरलेलं उत्तर. घरचीच तर आहे, कुठं पळून जाते, असा हिशेब. माणसं असले हिशेब फार सहज करतात.

शेवटचं काम बाईसाहेबांचं होतं. शहरातलं नाट्यगृह त्यांच्या पैशावर उभं होतं, कितीतरी गाणारे-नाचणारे त्यांच्या जिवावर जगत होते, आणि आता तिथं दर्शनी भिंतीवर त्यांचं चित्र लागणार होतं. बायको तेव्हा आजारीच होती. तरी पाठीशी उशी घेऊन, त्यांची रेशमी शाल पांघरून बसली. हात रंगवून झाले आणि रंग वाळायच्या आत ती गेली.

बाईसाहेब चित्र बघायला आल्या. चेहरा बघून खूश झाल्या, मग नजर खाली गेली तशा म्हणाल्या, की हात काही माझे नाहीत, तेवढे बदला. बोटांत अंगठ्या नव्हत्या, पेरं कामानं जाड झालेली, मनगटापाशी भाजल्याचा जुना डाग. तो डाग रंगवायला कुणी सांगितलं होतं? पण पेंटर दिसेल तेच काढायचा.

आधी तिचा चेहरा कागदावर उतरवून ठेवू, मग हात पुसू, असं ठरवून तो बसला. कागदामागून कागद फुकट गेले. डोळे जमेनात, ओठ कुणा भलत्याच बाईचे येत. लग्नातला एक फोटो होता, त्यातली पोरगी त्याला ओळखूच येईना. एवढा संसार झाला, पण त्यानं बघितलं होतं ते गळ्याखालचंच. त्या दिवशी तो ओक्साबोक्शी रडला.

मग बाईसाहेबांकडे गेला.

"ते हात माझ्या बायकोचे आहेत. ती गेली. माझ्याकडे तिचं दुसरं काही नाही. राहू द्या."

त्या बराच वेळ स्वतःच्या अंगठ्या फिरवत बसल्या.

"राहू द्या," म्हणाल्या. "लोक चेहराच बघतात."

चित्र लागलं. पेंटर दर आठवड्याला नाट्यगृहात जाऊन त्याच्यासमोर उभा राहतो. बाईसाहेबांवर काय ही भक्ती, असं दरवानानं एकदा बोलूनही दाखवलं. पेंटर हो म्हणाला. उगाच कुठं समजावत बसा. हातांवरून नजर वर गेली की दुसऱ्याच बाईचा चेहरा लागतो, म्हणून तो वर बघत नाही. वर बघायची त्याला तशी सवय नव्हतीच.