जाते मी, ताई

मांजर आडवं गेलं की आमच्या फरीदाबादच्या सोसायटीतली माणसं गाडी थांबवतात. मी हॉर्न वाजवते. अमावस्या, नजर, बाहेरची बाधा — असलं काही मी कधी मानलं नाही, आजही मानत नाही. तरी हे लिहितेय, कारण डोकं फिरलंय माझं. आणि वाचून झाल्यावर "जुळवून घ्यायला हवं होतं" असा सल्ला ज्यांना द्यायचाय, त्यांनी इथेच थांबा, प्लीज.

माझी धाकटी बहीण मुक्ता. बाबांची केंद्र सरकारची नोकरी, त्यामुळे आम्ही दोघी इकडेच वाढलो. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. त्यातून मुक्ताची एक चूक कधी सुटली नाही. निघताना "येते" म्हणायचं सोडून ती सरळ "जाते मी" म्हणायची... "मैं जाती हूँ"चं मराठी. आई दर वेळी ओरडायची, "जाते म्हणू नये गं, अशुभ असतं! येते म्हण." मुक्ता हसायची. "अच्छा बाबा, नेक्स्ट टाइम!" आणि परत तेच.

लग्न करून ती बुडापेस्टला गेली. नवरा मंदार — पुण्याचा, आयटीतला, बोलायला गोड. हळूहळू तिचे फोन कमी झाले. आले तरी स्पीकरवर, तो शेजारी बसलेला. एकदाच तो नसताना म्हणाली, "ताई, इथे श्वास घ्यायलाही विचारावं लागतं." मी घरात सांगितलं. बाबा म्हणाले, "नवीन देश आहे, थोडं ॲडजस्ट करावं लागतं." माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी भांडले. पण मुक्तानेच "तू मध्ये पडू नकोस" म्हटल्यावर मी काय करणार होते?

जानेवारीतला रविवार, दुपारची वेळ. ऑफिसातली माझी मैत्रीण रेश्मा मला दिल्लीत एका परदेशी सिनेमाला घेऊन गेली. कलात्मक वगैरे. परक्या शहरात राहणारं एक जोडपं आणि त्यांचं विस्कटत चाललेलं प्रेम. गोष्ट मुंगीच्या पावलांनी चाललेली, पण रंग! भिंती डाळिंबी, बाईचा फ्रॉक हळदीसारखा पिवळा, आरशात आरसे. तो तिला छळतो, तेही इतकं देखणं दाखवलेलं की माझं पित्त खवळलं. मागे कोणीतरी म्हणालं, "वाह, क्या शॉट है." वळून थोबाडीत द्यावीशी वाटली.

मग ते दृश्य आलं. बर्फ पडतोय. ती अनवाणी बाल्कनीत उभी, काचेचं दार आतून बंद. आत डाळिंबी खोलीत तो शांतपणे जेवतोय. तिची आपल्याकडे पाठ. ती कठड्यावरून खाली बघते...

आणि मला ऐकू आलं — "जाते मी, ताई."

मुक्ताचा आवाज. 'ताई'वर जरासा रेंगाळणारा, अगदी तिचाच.

मी रेश्माचा हात आवळला. "ऐकलंस?"

"काय ऐकलं? कोणी बोललंच नाही, यार."

मी लोकांच्या पायांवर पाय देत बाहेर आले आणि मुक्ताला फोन लावला. उचलला मंदारने.

"अरे, ताई! मुक्ता अंघोळीला गेलीय. मी जेवतोय, तिला नंतर करायला सांगतो."

ताटावर चमचा वाजला. आजवर मी त्याला अहो-जाहो करत आले होते.

"बाल्कनीचं दार उघड," मी म्हणाले.

चमचा थांबला. "तुम्हाला कोणी... तिचा फोन तर माझ्याकडे..."

"दार उघड, मंदार! आत्ताच्या आत्ता! नाहीतर तुझ्या ऑफिसला, तिथल्या पोलिसांना, सगळ्यांना फोन करते मी!"

मी इतकी ओरडले की तिकिटं देणारा माणूस खिडकीमागे उठून उभा राहिला. पलीकडे कडी सरकली. मग बराच वेळ नुसते दात वाजल्याचा आवाज... आणि मुक्ता.

"ताई... मी येते."

ती आली. जेमतेम एक बॅग घेऊन. विमानतळावरून येताना गाडीत म्हणाली, बाल्कनीत ती एक अक्षरही बोलली नव्हती, थंडीने तोंडच उघडत नव्हतं. कठड्याशी उभी राहून खाली बघत होती आणि फक्त मनात म्हणाली होती. काय, ते मी विचारलं नाही. तिनेच सांगितलं. तेच तीन शब्द.

रेश्माने तो सिनेमा पुन्हा शोधून माझ्यासोबत पाहिला. बाल्कनीच्या दृश्यात कोणीच बोलत नाही. नुसता वारा आहे.

मंदारच्या आईचा पुण्याहून फोन आला, "थट्टेत लावली हो कडी, पाच मिनिटांसाठी." बाबा म्हणाले, थंडीने दार अडकलं असेल. शेजारच्या आंटी म्हणाल्या, "मियाँ-बीवी में होता रहता है, बेटा." कडी का लागली, याचं स्पष्टीकरण ज्याच्या-त्याच्याकडे तयार आहे! तिचा आवाज बुडापेस्टहून त्या थिएटरात कसा आला, याचं मात्र कोणाकडेच नाही. माझ्याकडेही नाही, आणि खरं सांगू का, मला आता ते नकोही आहे.

परवा मुक्ता नोकरीच्या मुलाखतीला निघाली. मी आत कणीक मळत होते. दारातून सवयीने तिचा आवाज आला, "जाते मी, ताई!"

मी तशीच पिठाच्या हातांनी धावले आणि लिफ्टचं दार अडवलं.

"काय म्हणालीस?"

"अरे यार, सॉरी... तोंडातून निघून गेलं."

"सॉरी नकोय मला. नीट म्हण."

लिफ्टमधले लोक घड्याळ बघायला लागले. बघू देत. ती "येते" म्हणेपर्यंत मी दार सोडलं नाही.