राजा अजून जिवंत असताना

मंडळी, आज मान खाली घालूनच लिहितोय.

आमचे आप्पा, म्हणजे वडील, निवृत्त मराठी शिक्षक. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना वाचवत नाही, म्हणून सुट्टीला मी वाचून दाखवतो. आज त्यांनी एक जुनं ऐतिहासिक नाटक मागितलं, एकेकाळी त्यांनीच शाळेत बसवलेलं. राजा आजारी पडलाय आणि दोघे राजपुत्र गादीवरून भांडतायत, असा प्रवेश आला. मी दोघांचे आवाज काढत अगदी रंगात येऊन वाचत होतो.

आप्पांनी हात वर केला. "राजा अजून जित्ता हाय न्हवं रं?"

"व्हय आप्पा."

"मग हे दोघं आत्ताच कशाला भांडालेत?"

मी हसलो. "नाटक हाय आप्पा."

"आन् सकाळी तू धाकट्यासंगं फोनवर भांडलास, ते?"

मी पुस्तक मिटलं. काकती गावातलं आप्पांचं घर कुणाच्या नावावर व्हायचं, यावरून सकाळी मी भावावर ओरडलो होतो. "आप्पांचं काय, आज आहेत, उद्या नाहीत," असंही बोलून गेलो होतो. दार लावलेलं होतं, त्यामुळे त्यांना ऐकू गेलं नसेल असं वाटलं होतं.

आप्पा भिंतीकडे तोंड करून पडले. जेवायलाही उठले नाहीत.

आत्ता भावाला फोन करून सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "घराचं ऱ्हाऊ दे अण्णा. मी येतो. आधी त्यांना जेवायला घालूया."

ताट वाढलंय, पण आत जायला पाय उचलत नाही. तुम्ही असता तर त्यांच्याशी पहिलं वाक्य काय बोलला असता?