मामाचा बुलबुल

आमच्या मामासारखा माणसांना चुकवून पाखरांना आग्रहाने जेवू घालणारा यजमान सगळ्या बारामतीत दुसरा झाला नसेल. कालव्याच्या अंगाला त्याचं घर. अंगणातल्या बोरीला त्याने नारळाच्या करवंट्या टांगलेल्या, एकीत बाजरी, एकीत पिकलेली पपई, आणि खाली मातीच्या थाळीत पाणी. हा थाट पाखरांचा. माणसांनी मात्र मागच्या दाराने यायचं आणि खोकायचं नाही. पोस्टमनसुद्धा त्याचं नाव कुजबुजत पुकारायचा. आम्ही गेलो की मामी म्हणायची, "च्या घ्या, पर भुरका मारू नगा. तिकडं साळुंकी जेवतीया."

पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेला एक घडीचा कॅमेरा मामाकडे होता. अंगावर घोंगडी ओढून तो त्याच्यामागे तासन्‌तास बसायचा. एकदा शेळगावचे एक पाहुणे गाठोडं समजून त्याच्यावरच टेकले. मामा हूं की चूं न करता तसाच राहिला, कारण समोर तांबट पक्षी उतरला होता. एवढ्या तपश्चर्येतून निघायचं काय, तर रिकामी फांदी. फार तर शेपटाचं टोक. त्या फांदीवर बोट ठेवून मामा कौतुकाने सांगायचा, "हितं तांबट हुता. आत्ताच उडाला." त्याचं मन मोडू नये म्हणून आम्हीही "काय रंग हाय!" म्हणायचो.

अशा माणसाच्या हाती माझ्या धाकट्या बहिणीचं, कुसुमचं, लग्न सापडलं. निमगाव केतकीच्या एका चांगल्या बागायतदार घरातून विचारणा आली होती आणि त्यांनी आधी फोटो मागितला होता. त्याआधी दोन घरांनी फोटो पाहूनच नकार कळवला होता. स्टुडिओत उभं केलं की कुसुम अशी बघायची, जणू कुणी तिची म्हैस कोंडवाड्यात घातली आहे. दुसऱ्या नकारानंतर ती धड जेवेना. तेव्हा आईने हट्ट धरला. कुसुम लहानपणी मामाकडेच वाढलेली, मामाला मूलबाळ नाही, त्याच्यापुढे पोरगी अवघडणार नाही. फोटो त्यानेच काढावा.

मामाने तिला बोरीखाली बसवलं. रोलमधला एकच फोटो उरला होता. त्याच्या दोन प्रती पुण्याहून मामाकडे आल्या, एक त्याने आम्हाला आणून दाखवली आणि घरात सुतक पडल्यासारखं झालं. करवंटीच्या काठावर बुलबुल बसलेला, अगदी तुऱ्याचं पीसन्‌पीस मोजून घ्यावं असा. खाली कुसुम. ऐन वेळी बुलबुल आला, मामाची तारांबळ उडाली आणि ती पाहून कुसुम खदखदून हसली होती. चेहरा हललेला, दात तेवढे स्पष्ट.

"आला का न्हाय शेवटी!" मामाचे डोळे भरून आले होते. तो बुलबुलाबद्दल बोलत होता.

वडिलांनी दात-ओठ खाऊन विचारलं, "दुसरी प्रत कुठं हाय?"

"निमगावला धाडली की, दाजी. येवढा चांगला फोटू, मग उशीर कशापायी?"

वडिलांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. कुसुम म्हणाली, "आता मला बघाया कुनालाच बोलवू नगा," आणि चुलीपुढे तोंड फिरवून बसली. मला मामाचा असा राग आला होता की त्या सगळ्या करवंट्या फोडून टाकाव्यात.

आणि एका सकाळी निमगावचा मुलगा आपल्या वडिलांना घेऊन एसटीतून आमच्या दारात उतरला. म्हातारबा म्हणाले, "फोटूत पाखरू झ्याक आलंय, पर पोरगी काय उमगंना. म्हनलं, समक्षच बघावी."

मुलगा खाली मान घालून म्हणाला, "आबा, फोटूत समदी मानसं रागावल्यावानी बसत्यात. ही हसत हुती."

आत आईने देवापुढे हात जोडले. खरं सांगतो, इतकं हलकं मला माझ्या स्वतःच्या लग्नातही वाटलं नाही. वडिलांनी मामाला बोलावून घेतलं आणि पोह्यांची पहिली बशी त्याच्यापुढे सरकवली. मामाने ती नुसती हातात धरून ठेवली, घास काही घेतला नाही. आपण केवढा घोळ घातला होता, हे बहुधा त्याला तेव्हा कुठे उमगलं.

लग्नानंतर मामा वरचेवर कॅमेरा गळ्यात अडकवून निमगावची एसटी धरू लागला. तिकडची पाखरं लई येगळी असत्यात, म्हणायचा. चिमण्या, साळुंक्या, बुलबुल, दोन्हीकडे तेच. परत आल्यावर फोटो दाखव म्हटलं तर रोल कोराच असायचा.

"ऱ्हायलंच बघ," तो पुटपुटायचा. "कुसुम बोलत बसली."