पुसलेल्या कॅसेटी

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मला फळ्यावरचं दिसेनासं झालं आणि दिवाळीनंतर पुस्तकातलंही. डोळे लहानपणापासून अधूच. संध्याकाळ झाली की मी भिंत चाचपत चालायची. पण दिवसाउजेडी अक्षरं तरी लागत होती, तीही गेली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बाबांना बाजूला घेऊन सांगितलं, आता चष्म्याचा उपयोग नाही. बाजूला घेतलं तरी मला ऐकू आलंच.

महाल भागातल्या आमच्या घरी त्यावर फार बोलणं झालं नाही. बाबा सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते, घरातही मोजकंच बोलायचे. आई एवढंच म्हणाली, "कोणाला सांगत बसू नको. स्थळं येऊन राहिली आहेत." कॉलेज सोड असं कोणी म्हटलं नाही. फक्त माझी पुस्तकं टेबलावरून उचलली गेली आणि कपाटात वरच्या फळीवर गेली.

इंग्रजीच्या मॅडमना मी स्वतःच जाऊन सांगितलं. माझे विषय इंग्रजी वाङ्मय आणि आधुनिक इतिहास, दोन्हींत वाचल्यावाचून गत्यंतर नाही. मॅडमनी मला खुर्चीवर बसवलं. मग म्हणाल्या, "घरी टेपरेकॉर्डर आहे?"

होता. मोठा भाऊ कळमेश्वरच्या कारखान्यात लागला होता आणि तिकडेच खोली करून राहायचा. त्याने हौसेने घेतलेला टेप घरी पडून होता.

हिच्यासाठी टेपवर कोण वाचेल, असं मॅडमनी वर्गात विचारलं तेव्हा दोघं पुढे आली. एक माझी बाकावरची मैत्रीण, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, फाडफाड इंग्रजी वाचणारी. दुसरा मुलगा कुहीकडचा. घरी धानाची शेती, इथे होस्टेलवर राहायचा. त्याच्याशी मी तोवर कधी बोललेही नव्हते.

"माह्या इंग्रजीचा काही भरोसा नाही," तो म्हणाला, "पन इतिहास मी वाचतो. समजलं नाही तं तिथंच थांबवून सांगतो."

दुपारी भूगोलाची खोली रिकामी असायची. मी कापडी पिशवीतून टेप न्यायची, मैत्रीण बटणं दाबायची आणि आम्ही तिघं टेबलाभोवती बसायचो. सुरुवातीला नुसतं वाचन होतं. मग एक दिवस ती विलायतेतल्या एका गिरणगावाची कादंबरी वाचत असताना तो मध्येच म्हणाला, "थांबा जरा. एवढा धूर सांगून राहिला हा लेखक, एवढे भोंगे. पन कापूस कुठून येते ते काहून सांगत नाही?"

"कादंबरीत कशाला सांगेल?" मैत्रीण म्हणाली.

"कादंबरीत नाही तं कुठं? आपल्या वऱ्हाडातला कापूस गाड्या भरभरून तिकडं गेला. ते इतिहासाच्या पुस्तकात आहे. हे दोन धडे वेगळे कसे?"

मग त्याने इतिहासाचं पुस्तक उघडलं, ती कादंबरीवर अडून बसली आणि मीही मध्ये पडले. टेप चालूच होता. घरी येऊन ऐकलं तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की मी शिकते आहे. त्याआधी मी फक्त पाठ करत होते. पुढे रोज हेच व्हायला लागलं. आधी उतारा, मग भांडण, मग पुन्हा उतारा. चाचणी परीक्षेच्या आधी होस्टेलची मुलं आमच्या कॅसेटी ऐकायला मागू लागली. टेप घरचा असल्यामुळे ती भूगोलाच्या खोलीतच येऊन बसायची आणि मधल्या सुट्टीत ऐकून जायची.

आणि आमच्याबद्दल लोकांत बोलणंही सुरू झालं. बाबांच्या कचेरीतल्या एका गृहस्थांचा मुलगा आमच्याच कॉलेजात होता. त्याच्याकडून बाबांच्या कानावर काय गेलं ते मला कळलं नाही. पण एका सकाळी मी कॅसेट ऐकत बसले होते आणि बाबा दाढी करता करता थांबले. कॅसेटवर तो मला म्हणत होता, "थकली असशीन तं राहू दे वं, उद्या करू."

"तो तुला 'तू' म्हणतो?" बाबांनी विचारलं.

"त्यांच्याकडे सगळ्यांनाच म्हणतात, बाबा."

वस्तरा पुन्हा चालू झाला.

जानेवारीत पारशिवनीला मावसबहिणीचं लग्न होतं. आई मला घेऊन गेली. बाबा कामाचं निमित्त सांगून मागे राहिले. परत आल्यावर मी पहिली कॅसेट लावली तर काहीच नाही. बाजू चुकली म्हणून उलटवली. दुसरी लावली. तिसरी. मग आवाज वाढवला आणि ऐकू यायला लागलं. खुर्चीची करकर. गल्लीतून जाणारी सायकलची घंटी. शेजारच्या घरातल्या बातम्या. पेला ठेवल्याचा आवाज. आणि बाबांचा खोकला.

मला उमगायला वेळ लागला नाही. टेपसमोर बसून, रेकॉर्डचं बटण दाबून, एकेक बाजू संपेपर्यंत ते थांबले होते आणि मग उलटवून दुसरी बाजू लावली होती. त्या मुलाचा आवाज गेला होता, मैत्रिणीचा गेला होता आणि माझाही. माझे प्रश्न, माझं हसणं. ते मात्र घरचंच होतं ना, असं मला ओरडून म्हणावंसं वाटत होतं.

बाबा कचेरीतून आले तेव्हा मी दारातच उभी होते. "तुम्ही केलंत?"

"हो."

"परीक्षा आहे माझी."

"परक्या पोराचा आवाज या घरात नको. उद्या लोक आले बघायला आणि..." ते अडखळले. "तुझ्याबद्दल आधीच एक गोष्ट सांगावी लागणार आहे. दुसरी नको."

"मग तुम्ही वाचा," मी म्हणाले.

आणि त्यांनी वाचलं. कचेरीतून आल्यावर हातपाय धुऊन ते टेपसमोर बसायचे आणि इतिहासाचं पुस्तक फाईल वाचावी तसं वाचायचे, स्वल्पविराम, पूर्णविराम, नवा परिच्छेद, सगळं मोठ्याने सांगत. कुठे थांबणं नाही, कुठे प्रश्न नाही. इंग्रजी कादंबरीची चार पानं कशीबशी झाली आणि त्यांनी पुस्तक मिटलं. "हे मला जमत नाही," म्हणाले. मला त्यांची कीव आली आणि कीव आल्याचा रागही आला.

कॉलेजात मी मैत्रिणीला सांगितलं तर ती आमच्या घरी येऊन भांडायला तयार झाली. तो मात्र म्हणाला, "तुझे बाबा होस्टेलवर आले होते."

"काय म्हणाले?"

"हात जोडले माह्यापुढं. म्हणे, माझी पोरगी आहे, तिचे डोळे असे, तुम्ही थांबा. शिव्या दिल्या असत्या तं मी ऐकलं नसतं. पन एवढा मोठा मानूस हात जोडते, मी काय करू? मले जमत नाही वं आता."

तो उठून गेला. वर्गात त्यानंतर तो खिडकीकडच्या रांगेत बसायला लागला. हे मला मैत्रिणीने सांगितलं, मी कुठे पाहणार होते.

मैत्रिणीने उरलेल्या दिवसांत जमेल तेवढं पुन्हा वाचून दिलं. परीक्षेला माझी उत्तरं लिहायला शेजारची एक शाळकरी मुलगी मिळाली. तिला इंग्रजी नावांचं स्पेलिंग एकेक अक्षर करून सांगताना माझा अर्धा वेळ गेला. इतिहासात चांगली पास झाले. कापसावरच्या प्रश्नाला तर मी सांगतच सुटले होते. इंग्रजीत नापास.

ऑक्टोबरात पुन्हा बसले. बाबा मला रिक्षाने केंद्रावर सोडायला आले होते. वाटेत मी विचारलं, "पुसायच्या आधी तुम्ही त्या ऐकल्या होत्या?"

"सगळ्या ऐकल्या."

"त्यात काय वाईट होतं?"

रिक्षा फाटकाशी थांबली. बाबांनी मला हात धरून उतरवलं. "काहीच नव्हतं," ते म्हणाले. "पोरगा छान शिकवत होता. तूही छान बोलत होतीस."

त्यांनी खांद्यावर हात ठेवला होता, तो मी काढून टाकला आणि फाटकाशी थांबलेल्या, उत्तरं लिहिणाऱ्या मुलीचा हात धरून आत गेले.

त्या खेपेला पास झाले. पुढे एका कार्यालयात टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागले आणि घरातलं माझ्या लग्नाचं बोलणं हळूहळू थांबलं. इतिहास वाचणारा तो मुलगा कुहीकडेच कुठल्याशा शाळेत मास्तर झाल्याचं ऐकलं. बाबा शेवटपर्यंत माझ्याशी प्रेमाने वागले, मला रोज बसस्टॉपवर न्यायला येत राहिले. त्यांच्यावर मी पूर्ण रागावू शकले नाही आणि पूर्ण माफही करू शकले नाही. आता ते नाहीत, तरी यातलं काही बदललेलं नाही.