ताईचं शब्दांशिवायचं गाणं

माझी ताई जॅझ गाते. कॉलेजात कुणी विचारलं की हे मी लगेच सांगते, आणि जॅझ म्हणजे काय ते सांगताना अडखळते. चार वर्षांत ती बंगलोर, दिल्ली, कलकत्ता इथे गाऊन आली. एकदा सतारीबरोबर, एकदा नुसत्या ड्रमबरोबर. ठरलेली चाल अर्ध्यावर सोडायची, शब्दही सोडायचे आणि नुसत्या आवाजाने वाट काढत परत यायचं, हे तिचं काम. मला त्यातलं सगळं कळतं असं नाही. पण ती मुंबईबाहेर पडली कशी, ते मी पाहिलंय, म्हणून लिहिते.

आम्ही जोगेश्वरीला राहतो. गिरणीतली नोकरी सुटल्यावर बाबा अंधेरीच्या एका कारखान्यात गेटवर लागले. आमच्या भजनी मंडळाचे ते बुवा. ताई लहानपणी त्यांच्या मागे कोरसला बसायची. मॅट्रिकनंतर ती टायपिस्ट झाली आणि ऑफिसातल्या एका बाईंच्या ओळखीने चेंबूरच्या एका बॅन्डबरोबर रविवारी गाऊ लागली. गाण्यांचा अर्थ मी तिला डिक्शनरीत बघून सांगायचे. घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच.

मग बॅन्डला बंगलोरच्या एका हॉटेलात सहा महिन्यांचं काम मिळालं. त्यांना ताई हवी होती.

"आदी ऐकतलंय, मगे सांगतलंय," बाबा म्हणाले. ते नको म्हणाले असते तर ताई गेली नसती.

रविवारी सकाळी आम्ही चेंबूरच्या जिमखान्याच्या हॉलमध्ये तिसऱ्या रांगेत बसलो. बाबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. ताईने पहिलं कडवं नीट म्हटलं. नंतर तिने शब्द सोडले आणि आवाज एकटाच वर निघाला.

बाबा माझ्याकडे झुकले. "इसारला गो ता."

"विसरली नाही हो बाबा, हे असंच असतं."

त्यांना ते पटलं नसावं. भजनात बुवा अडला की मागच्यांनी ओळ उचलायची असते. ताईच्या रियाजामुळे त्या गाण्याची ओळ घरात सगळ्यांना पाठ होती, अर्थ कळो न कळो. बाबांनी ती उचलली. खड्या आवाजात, आपल्या मालवणी उच्चारांत.

सगळा हॉल वळला. मागे कुणी तरी हसलं. बॅन्डमास्तरांनी वाद्य तोंडापासून दूर केलं. आता बंगलोर राहिलं, असं वाटलं.

ताई थांबली नाही. बाबांचा सूर तिच्यापेक्षा बराच खाली होता. ती तिथवर उतरली, त्यांचीच ओळ धरली, तिचे तुकडे केले, उलटसुलट फिरवले आणि ड्रमच्या ठोक्यावर नेमकी येऊन उभी राहिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबा मान खाली घालून बसले होते, पण त्यांची बोटं गुडघ्यावर मात्रा मोजत होती.

कार्यक्रम संपल्यावर त्यांनी ताईला विचारलं, "ह्या आदीच ठरलेला होता?"

"नाय ओ. तुमी गायलात म्हणून झाला."

"मगे समेर कशी इलंस?"

"मोजत होतंय."

बाबा सरळ बॅन्डमास्तरांसमोर जाऊन उभे राहिले आणि मला म्हणाले, "सांग तेंका इंग्रजीत. चेडवाक न्हेया. पण ड्रमवालो समेचो पक्को व्हयो. ता लांब जाता. परत इला की तो थयच असाक व्हयो."

चेडू म्हणजे मुलगी, हे मी सांगू शकले. समेला इंग्रजीत काय म्हणायचं ते काही सुचेना. मी दोनदा वाक्य सुरू केलं आणि सोडलं. बाबा माझ्यासाठी थांबले नाहीत. ते हाताने ताल देऊ लागले, आधी सरळ, मग मुद्दाम वाकडा. ड्रमवाला हातातलं झांजेचं कव्हर खाली ठेवून ऐकू लागला. सम आली तशी त्याने खुर्चीच्या पाठीवर थाप दिली. बाबांनी आणखी अवघड करून पाहिलं. त्याने पुन्हा बरोबर पकडलं.

"जा," बाबा ताईला म्हणाले. "माणूस बरो आसा."